आधी नीट बोला, पीठ मग बघू

गरिबाच्या घरातलं पीठ संपलं, असं सरकारच्या कानावर गेलं की सरकार आधी तज्ज्ञ पाठवतं. तज्ज्ञ डबा उघडून बघत नाही. तो नवऱ्याला विचारतो, ‘तुम्ही बायकोचं म्हणणं शांतपणे ऐकून घेता का?’ मग बायकोला विचारतो, ‘राग आला की तुम्ही दहापर्यंत आकडे मोजता का?’ आकडे तर ती रोजच मोजते. दुकानदाराची उधारी, गटाचा हप्ता, पोराची फी, गॅसची टाकी. दहावर थांबायची सोय नसते, एवढंच.

या उद्योगाला ‘जोडप्यांसाठी जीवनकौशल्य प्रशिक्षण’ म्हणतात. अल्प उत्पन्न गटातल्या जोडप्यांसाठी, अर्थातच. वरच्या उत्पन्न गटातले नवरा-बायको भांडले तर तो त्यांचा खासगी मामला असतो. खालच्या गटातले भांडले की तो सामाजिक प्रश्न होतो, त्याचा प्रकल्प होतो आणि प्रकल्पाला निधी लागतो.

या कल्पनेचा सर्वांत मोठा मांडव घातला तो अमेरिकेनं. १९९६ साली अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीनं गरीब कुटुंबांच्या मदतीचा कायदा बदलला. रोख मदतीवर पाच वर्षांची मर्यादा आली, कामाची अट आली आणि राज्यांच्या हाती एकरकमी अनुदान आलं. हे अनुदान कशाकशावर खर्चायचं, त्या यादीत लग्नाला उत्तेजन देणं हेही होतं. म्हणजे गरिबाच्या नावानं निघालेला पैसा त्याच्या ताटात न वाढता त्याच्या संसाराला वळण लावण्यावर खर्च करायला कायद्यानंच मुभा दिली.

ती मुभा ओक्लाहोमा राज्यानं मोठ्या उत्साहानं वापरली. तिथले गव्हर्नर फ्रँक कीटिंग यांनी १९९९ मध्ये जाहीर केलं की २०१० पर्यंत राज्यातले घटस्फोट एक तृतीयांशानं कमी करू. त्यासाठी गरिबांच्या मदतनिधीतून एक कोटी डॉलर बाजूला काढले गेले. मग धाकटे बुश आले. त्यांनी हे खूळ देशपातळीवर नेलं आणि अर्थसंकल्पी तूट कमी करण्यासाठी म्हणून आणलेल्या २००५ च्या कायद्यात निरोगी विवाह आणि जबाबदार पितृत्व या दोन बाबींसाठी वर्षाला पंधरा कोटी डॉलर घातले. तूट कमी करायच्या कायद्यात लग्नाचा खर्च बसवणाऱ्या या मंडळींकडून आपल्या वधूपित्यांनी शिकण्यासारखं बरंच आहे.

यामागचा तर्क मोठा देखणा होता. लग्न टिकलेल्या घरांतली मुलं शाळेत पुढे असतात, आजारी कमी पडतात, गरिबीत कमी सापडतात, असं आकडेवारी सांगत होती. तेव्हा गरिबांची लग्नं लावा, ती टिकवा, की गरिबी हटली. गावात पाटलाकडे घोडा असतो, म्हणून दिसेल त्याला घोड्यावर बसवलं की गावभर पाटीलच पाटील, असा हा हिशेब. घोड्याला चारा कोण घालणार, हा प्रश्न निविदेत नव्हता.

वर्गात शिकवायचं काय? ओक्लाहोमात वापरलेला अभ्यासक्रम डेन्व्हर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅन्ली यांच्या कामातून आलेला. त्यातला गाजलेला प्रयोग असा. नवरा-बायकोपैकी एकाच्या हातात पुठ्ठ्याचा किंवा फरशीचा तुकडा द्यायचा. तुकडा ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. बोलायचं तेही आपल्यापुरतं, ‘मला असं वाटतं’ या थाटात, थोडक्यात. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, वकिली करायची नाही. ऐकलं ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. मग तुकडा दुसऱ्याच्या हातात.

पद्धत वाईट नाही. आपल्या विधानसभेत वापरून पाहायला हरकत नाही. पण हीच पद्धत दहा बाय दहाच्या खोलीत पगाराच्या संध्याकाळी कशी चालेल?

‘मला असं वाटतं की तू निम्मा पगार दारूत घालवलास.’

‘म्हणजे तुझं म्हणणं असं, की मी निम्मा पगार दारूत घालवला.’

‘हो.’

‘बरोबर ऐकलं ना मी?’

‘अगदी बरोबर.’

‘मग आता तुकडा इकडे दे.’

तुकडा या हातातून त्या हातात गेला. निम्मा पगार गुत्त्यावरच राहिला.

अमेरिकेचं एक मात्र मानायला हवं. तिथल्या सरकारनं आपल्याच योजनेची नीट परीक्षा घेतली आणि नापासाचा दाखला छापूनही टाकला. आपल्याकडे योजना नापास होत नाही; तिचं नाव बदलतं. तिथे ‘बिल्डिंग स्ट्राँग फॅमिलीज’ नावाच्या कार्यक्रमात आठ ठिकाणची पाच हजारांहून अधिक जोडपी घेतली. लग्न न झालेली, पण मूल झालेली किंवा होऊ घातलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला प्रशिक्षण, दुसऱ्याला काही नाही. मॅथेमॅटिका या संशोधनसंस्थेनं तपासणी केली आणि अहवाल आले २०१० आणि २०१२ मध्ये. तीन वर्षांनंतर चित्र असं: प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी ५७ टक्के जोडपी अजून एकत्र, न घेतलेल्यांपैकी ६० टक्के. म्हणजे ज्यांना कोणी काहीच शिकवलं नाही, त्यांचं काही बिघडलं नाही.

त्या आठांपैकी बाल्टिमोरमध्ये तर पंधरा महिन्यांनंतरचे आकडे अंगावर येणारे होते. प्रशिक्षण घेतलेल्या जोडप्यांपैकी ५९ टक्के एकत्र होती, न घेतलेल्यांपैकी ७० टक्के. आणि जोडीदाराकडून गंभीर मारहाण झाल्याचं सांगणाऱ्या बायका प्रशिक्षणाच्या गटात १५ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ९ टक्के. तीन वर्षांनंतर हा फरक उरला नाही, हे खरं. पण मार खाल्लेल्या बाईला सरासरी नंतर सुधारली, हे सांगून काय उपयोग?

एकट्या ओक्लाहोमा शहरात थोडं बरं चाललं. तीन वर्षांनंतर जन्मापासून सलग आईबापांच्या घरात वाढलेली मुलं तिथे ४९ टक्के, तर दुसऱ्या गटात ४१ टक्के. आता ओक्लाहोमात वेगळं काय होतं, याची छाननी झाली. त्यात एक गोष्ट अशी, की तिथे हजेरी लावली की कुपनं मिळायची आणि त्या कुपनांवर केंद्रातल्याच दुकानातून बाळाचं सामान घेता यायचं. डायपरनं किती काम केलं आणि संवादानं किती, हे काही वेगळं काढता येत नाही. पण आमच्या गल्लीतल्या कुठल्याही आईला विचारा, तिचं मत तयार आहे.

आता खर्चाचं. या कार्यक्रमात एका जोडप्यामागे सरासरी सुमारे अकरा हजार डॉलर लागले. त्याच काळात ओक्लाहोमात तिघांच्या गरीब कुटुंबाला मिळणारी कमाल रोख मदत होती महिन्याला २९२ डॉलर. भागाकार करा. एका जोडप्याला नीट बोलायला शिकवण्याच्या खर्चात एका कुटुंबाला तीन वर्षांहून अधिक काळ ही मदत देता आली असती. नवरा-बायकोनं घरखर्चाचा असा हिशेब लावला असता, तर त्यांना आर्थिक साक्षरतेच्या वर्गाला बसवलं असतं.

लग्न झालेल्या गरीब जोडप्यांसाठीही असाच एक प्रयोग झाला. त्यात ६,२९८ जोडपी होती आणि २०१४ मध्ये एमडीआरसी या संस्थेनं शेवटचा निकाल दिला. एका जोडप्यामागे सुमारे ९,१०० डॉलर खर्च. निकाल प्रामाणिक आहे, तेव्हा तोही प्रामाणिकपणे सांगतो: घरातला ओलावा थोडा वाढला, टोचून बोलणं थोडं कमी झालं, मनावरचा ताणही थोडा उतरला. पण अडीच वर्षांनी लग्न टिकल्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच.

तर मग चुकलं कुठे? तज्ज्ञांना वाटलं होतं, गरिबांना संसार करता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या दोन संशोधकांनी, थॉमस ट्रेल आणि बेंजामिन कार्नी यांनी, सहा हजारांवर लोकांच्या उत्तरांचा अभ्यास करून २०१२ मध्ये हे मत तपासलं. लग्नाविषयी गरिबांच्या कल्पना श्रीमंतांपेक्षा काही वेगळ्या निघाल्या नाहीत. बोलण्या-ऐकण्यातल्या अडचणीही दोघांच्या सारख्याच. फरक निघाला तो पैसा, दारू आणि बाहेरख्यालीपणा असल्या दुखण्यांत. म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. जिथे दोन्ही वर्ग सारखेच अडाणी आहेत, तिथे गरिबांनाच शाळेत घातलं. आणि जिथे गरिबाचं खरं दुखत होतं, तिथे तुकडा हातात दिला.

कॅथरीन एडिन आणि मारिया केफालस या दोन अभ्यासक स्त्रियांनी फिलाडेल्फिया आणि शेजारच्या कॅमडेनमधल्या १६२ गरीब, एकट्या आयांशी बोलून २००५ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात निघालं ते असं, की या बायका लग्नाला तुच्छ लेखत नाहीत, उलट फार मोठं मानतात. इतकं मोठं, की जरा स्थिर पैसा, डोक्यावर नीट छप्पर आणि भरवशाचा माणूस असल्याखेरीज ते करूच नये, असं त्या म्हणतात. लग्नाचं महत्त्व पटवण्यासाठी ज्यांच्यावर कोट्यवधी डॉलर उधळले, त्यांना ते आधीच पटलेलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. आणि लोक म्हणतात, ते आम्हाला ठाऊक आहे हो, भाड्याचं काय ते बोला.

आणखी एक अभ्यास आपल्या जवळचा, तमिळनाडूतला. ऊस लावणारे ४६४ छोटे शेतकरी. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी त्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली. एकदा तोडीच्या आधी, पैशाची चणचण असताना. म्हणजे खिसा रिकामा आणि डोक्यावर देणं. दुसऱ्यांदा ऊस जाऊन पैसे हातात पडल्यावर. माणूस तोच, शाळा तीच, बायको तीच. तोडीआधी गुण कमी, पैसे मिळाल्यावर जास्त. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं. आता हाच शेतकरी तोडीआधी बायकोवर खेकसत असेल आणि नंतर बरा वागत असेल, तर त्याला कौशल्य कधी आलं? तोडीला की पैसे जमा झाल्यावर?

उसाचा विषय निघाला आहे, तर आपल्याच घरात येऊ. बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखांच्या संख्येनं माणसं ऊसतोडीला जातात. तिथे हिशेब माणशी होत नाही, कोयत्यावर होतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती जोडप्याला; पैसे बहुतेकदा पडतात नवऱ्याच्या हातात. मग पहाटेच्या अंधारात दोघं फडात उतरतात. तो तोडतो, ती पाला काढून मोळ्या बांधते. मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढते, ट्रक रात्री आला तर रात्री चढते. कोपीवर परतली की चूल तीच पेटवते. पाणी तीच आणते. बाळ फडाच्या कडेला साडीच्या झोळीत असतं. एक दिवस कामाला दांडी झाली की खाडा लागतो, आणि दुखणं तिचं असो की त्याचं, पैसे कापले जातात ते कोयत्याचे.

खाड्याच्या भीतीनं आणि दवाखान्यांच्या घाईनं या बायकांचं काय झालं, तेही नोंदलेलं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली.

या जोडप्याला आपण काय शिकवणार? एकत्र काम करायला? तेराचौदा तास एका सरीत वाकून ती दोघं एकत्रच असतात. वेळेचं नियोजन? ट्रक कधी येईल ते मुकादमालाही माहीत नसतं. पैशाचं नियोजन? उचल आधीच फिटायची आहे. बाजारानं त्यांचं इतकं घट्ट जोडपं केलंय, की बाईची मजुरी कुठे संपते आणि बुवाची कुठे सुरू होते, हे कागदावर सापडतच नाही. त्यांच्या संसारात सुख आणायचं तर प्रशिक्षण एकच आणि तेही मुकादमाला आणि कारखान्याला: बाईची मजुरी वेगळी मोजा, वेगळी लिहा, तिच्या खात्यात टाका. या प्रशिक्षणाला फरशीचा तुकडा लागत नाही, पेन पुरतं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, म्हणजे प्रशिक्षण हे सगळंच थोतांड. तसंही नाही. थोतांड आणि कामाची गोष्ट यांत फरक कसा करायचा, हे रवांडानं दाखवलं.

रवांडात ‘बांदेबेरेहो’ नावाचा कार्यक्रम झाला, २०१३ ते २०१५ या काळात. जोडपी गरीब, तरुण, लहान मुलं असलेली किंवा बाळंतपण तोंडावर आलेली. पुरुषांसाठी पंधरा बैठका, त्यातल्या काही बैठकांना बायकाही. गटातले विषय बघा: बाळंतपणात नवऱ्यानं काय करायचं, मूल कोण सांभाळणार, पाणी कोण आणणार, पैशाचा निर्णय कोण घेणार, दारू, मारहाण. बोलायला गावातलेच बाप. मधूनच नर्स येऊन बसायची, कधी पोलीसही. कायदा काय म्हणतो ते पोलिसाच्या तोंडून ऐकलं की ऐकण्याचं कौशल्य आपोआप वाढतं. पावणेदोन वर्षांनी, ११९९ जोडप्यांच्या पाहणीत, गेल्या वर्षभरात नवऱ्यानं मारल्याचं सांगणाऱ्या बायका प्रशिक्षणाच्या गटात ३३ टक्के होत्या, बाहेरच्या गटात ५७. पुरुष घरकामाला आणि मुलांना जास्त वेळ देऊ लागले होते. सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही परिणाम टिकलेला होता. तिसरा हिस्सा बायका अजून मार खातच होत्या, हे विसरायचं नाही. पण बाल्टिमोरचा आकडा आठवा आणि मग हा वाचा.

फरक कुठे पडला? अमेरिकेतल्या वर्गांचा मुख्य भर कसं बोलायचं यावर होता. रवांडात कामाची वाटणी मध्यावर मांडली. घरातली बहुतेक भांडणं बोलण्याची नसतातच, वाटणीची असतात. काम कोणाच्या वाट्याला, पैसा कोणाच्या हाती, शेवटचा शब्द कोणाचा. वाटणीला हात न लावता नुसती जीभ पॉलिश केली, तर मारणारा नवरा ‘मला असं वाटतं’ म्हणून मारतो.

असाच एक प्रयोग आपल्याकडे ठाणे जिल्ह्याच्या खेड्यांत झाला. मुंबईतली राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि सॅन दिएगोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी १,०८१ तरुण जोडप्यांसोबत काम केलं. बायकांना बोलावून शहाणं करण्याचा नेहमीचा सोपा मार्ग त्यांनी सोडला आणि नवऱ्यांना गाठलं. शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ आणला नाही; गावात दवाखाना चालवणाऱ्या पुरुष डॉक्टरांनाच तयार केलं. दोन बैठका नवऱ्याशी, तिसरी दोघांशी. विषय कुटुंबनियोजनाचा, पण त्याबरोबर मुलगाच हवा हा हट्ट, बायकोवरची जबरदस्ती, हेही टेबलावर. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले: गर्भनिरोधकांविषयी नवरा-बायको जास्त बोलू लागले, ती वापरणं वाढलं आणि दीड वर्षानं बायकांवरच्या लैंगिक जबरदस्तीच्या तक्रारी कमी भरल्या. पुढे जुन्नर तालुक्यात १,२०१ जोडप्यांसोबत याचा दुसरा टप्पा झाला, त्यात बायकांसाठीही वेगळ्या बैठका घातल्या.

पुण्या-ठाण्यात हे झालं आणि आपल्या वर्तमानपत्रांत त्याचा मोठा मथळा मला तरी दिसला नाही. मथळा होतो तो उद्घाटनाचा.

आपल्याकडचं जोडप्यांचं शिबिर कसं असतं, ते सांगायला संशोधन लागत नाही. वार बुधवार, वेळ सकाळी अकरा. म्हणजे पुरुष कामावर. त्यामुळे जोडप्यांच्या शिबिराला बायकाच बायका. मागे फ्लेक्स, त्यावर ‘सुखी संसाराची गुरुकिल्ली’, आणि नवरा-बायको आणि दोन मुलांचं गोरंपान चित्र, जे कुठल्याही वस्तीत सापडत नाही. पाहुणे पाऊण तास उशिरा. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असल्यानं ते दहा मिनिटांत संसाराचं सार सांगतात: बायकांनी नवऱ्याचा मूड ओळखून बोलावं. टाळ्या. मग मुख्य व्याख्यान, प्रोजेक्टर चालत नाही म्हणून तोंडी. मग हजेरीपत्रकावर सह्या, अंगठे, गटाचा फोटो. वडापाव आणि चहा. रोजगार बुडाला त्याचे पैसे नाहीत. ते निधीच्या नियमात बसत नाहीत. पाहुण्यांचा प्रवासभत्ता मात्र बसतो. अहवालात आकडा जातो: ‘लाभार्थी जोडपी – ८०.’ नवरे आलेच नव्हते, पण बायका होत्या ना, दोन अर्धी जोडपी मिळून एक जोडपं होतंच.

आणि ज्या पुरुषाला खरं तर शिकवायचं, त्याची काय परिस्थिती? २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. दिवसभरात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण निघालं सुमारे २६ टक्के. बायकांचं ८१ टक्के. जे पुरुष हे काम करत होते, ते दिवसाला सरासरी ९७ मिनिटं करत होते. बायका २९९ मिनिटं. म्हणजे पाच तास. आता सांगा, तणाव व्यवस्थापनाचं प्रशिक्षण या दोघांपैकी कोणाला द्यायचं? आपण देतो पाच तासवालीला, आणि तेही तिचा आणखी एक तास खाऊन.

गंमत बघा, ‘जीवनकौशल्य’ म्हणून जे शिकवायचं, ते या घरांत आधीच भरपूर असतं. तुटपुंज्या पगारात महिना काढणं, रेशनच्या तांदळाचे तीन प्रकार करणं, सासूचं औषध आणि पोराची वही यांत आज कोणाचा नंबर, हे ठरवणं, बचतगटाच्या बैठकीत बाराजणींचं पटवणं. मॅनेजमेंटच्या संस्थेत हेच शिकवायला लाखांत फी घेतात. मग कौशल्य कोणाला कमी पडतं? ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याला. घरात नवऱ्याला, फडात मुकादमाला, बँकेत साहेबाला, मंत्रालयात बाबूला. ऐकून घ्यायचं, मध्ये न बोलायचं आणि ऐकलं ते नीट परत सांगायचं, हा वर्ग भरवायचा तर त्यांच्यासाठी भरवा. तुकड्याचा खर्च आम्ही देऊ.

म्हणून पुढच्या वेळी अशा प्रशिक्षणाची घोषणा झाली, तर टाळ्या वाजवण्याआधी अंदाजपत्रक मागून घ्या. बुडालेल्या मजुरीची भरपाई आहे का? मुलं सांभाळायला कोणी आहे का? नवऱ्यांसाठी संध्याकाळची वेळ आहे का? घरकाम आणि पैसा यांची वाटणी विषयांत आहे का? निम्म्याहून अधिक उत्तरं ‘नाही’ अशी आली, तर तो पैसा सरळ त्या घरातल्या बाईच्या खात्यात टाकायला सांगा. बोलायचं काय ते ती बघून घेईल. तिला बोलता येतं. तिचं ऐकून घ्यायला आजवर कोणी बसलेलं नाही.